काम थांबवणाऱ्याच्या मागे कोण?



अधिवेशनाच्या अध्यक्षाने बांधकाम व्यवसायाचा आढावा घ्यायचा, अशी प्रथा आहे. १९८३ मध्ये निकमार ही बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी शिक्षणसंस्था स्थापन झाली आणि हा स्वतंत्रपणे शिकायचा विषय आहे, हे हळूहळू लोकांना पटलं. रेडिमिक्स आलं, टॉवर क्रेन आल्या. २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली. बाकीचं अहवालात छापलंय, ते परतीच्या प्रवासात वाचा. मला दुसरंच बोलायचंय, आणि त्यासाठी मी बरीच वर्षं थांबलोय.

चूक दिसली म्हणून साइटवरचं काम थांबवणाऱ्या इंजिनिअरच्या मागे आपली ही बांधकाम व्यवस्थापकांची संस्था उभी राहत नाही. ही माझी तक्रार आहे.

सकाळच्या सत्रात वाद रंगला, की व्यवस्थापक मालकाचा असावा की ठेकेदाराचा, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावं की अनुभव मोजावा, आणि सॉफ्टवेअरने देखरेख सुधारते का. या तिन्ही वादांवर एक प्रसंग सांगतो.

पुण्यात एका कामावर मी सल्लागार होतो. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब चालू होता. ट्रॅफिकमध्ये अडकलेली काँक्रीटची गाडी आली तेव्हा चलनावरच्या वेळेपासून दोन तास केव्हाच उलटून गेले होते. माल घट्ट झालेला. क्लीनरने पाण्याचा पाइप सरळ ड्रममध्ये सोडला. ठेकेदार म्हणाला, ‘‘साहेब, थोडं पाणी मारतो, माल मस्त पळेल.’’ मालकाच्या पगारावरच्या तरुण इंजिनिअरने पाइप बंद करायला लावला आणि गाडी परत पाठवली. पुढच्या गाडीचा भरवसा नव्हता. त्याने गाळ्याच्या मध्यावर उभी फळी ठोकून घेतली, तिथवरचा माल व्हायब्रेटर फिरवून नीट बसवला आणि स्लॅब तिथे बंद केला. कुठे थांबायचं, हे त्याला कळत होतं. माझ्या लेखी व्यवस्थापन ते हेच.

पंधरवड्यात त्याला कमी केलं. कारण लिहिलं, ‘समन्वयाचा अभाव’. मी मालकाला पत्र लिहिलं, ते फाइलला लागलं. मुलगा आपला सभासद होता, प्रमाणपत्रही आपलंच. त्याने अर्ज केला. कार्यकारिणीत सूर निघाला, की हा मालक-नोकरांतला मामला आहे, आपण त्यात कशाला पडा? मी भांडलो. इतिवृत्तात नोंद झाली: ‘विषय पुढील बैठकीत घेण्याचे ठरले.’ ती पुढची बैठक अजून व्हायचीय!

आता सांगा, प्रमाणपत्राने त्याची नोकरी वाचवली? सॉफ्टवेअरच्या पडद्यावर त्या स्लॅबपुढे लाल खूण होती, ‘विलंब’. पाणी घालून भरला असता तर हिरवी आली असती. आणि तो ठेकेदाराचा माणूस असता, तर पंधरवड्याऐवजी त्याच संध्याकाळी घरी गेला असता. सकाळचे तिन्ही वाद माझ्यापुरते इथे मिटले.

वकिलांना १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदांना १९७२ चा. साइट चालवणाऱ्या इंजिनिअरसाठी देशभर लागू असा नोंदणीचा कायदा नाही, हे रडगाणं मीही गायलंय. पण कायदा येईपर्यंत संस्थेने काय फक्त १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालायचा? चर्चासत्रांचे प्रायोजक नाराज होतील म्हणून आपण गप्प बसतो, हे एकदा उघडपणे कबूल करू या.

करायचं काय? काम थांबवण्याचा लेखी अधिकार नेमणूकपत्रातच असावा, त्याचा नमुना संस्थेने तयार करावा. अडचणीतल्या सभासदासोबत मालकाकडे जाईल असं ज्येष्ठांचं एक मंडळ असावं. निधी, नियमावली वगैरे नवी कार्यकारिणी ठरवेलच. मंडळात पहिलं नाव माझं घाला.

आता पुरस्कार वाटायचे आहेत, तेही मुदतीआधी काम पुरं केल्याबद्दल. अध्यक्ष म्हणून ते मी देईन. पण हातात मानचिन्ह देताना प्रत्येक विजेत्याला विचारणार आहे: तुमच्या साइटवर कुणी काम थांबवलं होतं का, आणि तो आज कुठे आहे?