ऐतिहासिक पोशाखांचा छंद



स्नेहसंमेलने व समारंभांसाठी ऐतिहासिक पोशाख शिवणे हा माझा छंद. "त्यातून काय मिळते?" असे पुष्कळजण विचारतात.

मशरूचेच पाहा. वर रेशीम, अंगाला लागणारी बाजू सुताची. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून ही युक्ती. नावाचा अर्थच 'शरीयतला मान्य'. मोगल काळात जाम्याचे बंद मुसलमान उजवीकडे बांधीत, हिंदू डावीकडे. जामा मात्र दोघांचा एकच.

१५९५-९६ साली मोगल फौजेविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढविणाऱ्या चांदबिबीची भूमिका आपल्या मुली करतात. तिच्यासाठी भाड्याची चमकी ओढणी पुरेशी मानू नये. जुनी चित्रे पाहावीत, घेर मोजावा, कापडाचा हिशेब मांडावा. यात इतिहासही आला आणि गणितही.

पालकांनो, मुलीच्या हाती सुई अवश्य द्या; पण त्यासाठी तिच्या हातचे पुस्तक काढून घेऊ नका. आणि मुलांनाही टाका घालू द्या. दर्जीकाम पुरुषांनीच पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, त्यात कमीपणा कसला?

खुदा हाफिज.