फलक कोणाचा?

(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समाजाशी जोडलेल्या प्रकल्पांना महाविद्यालयांत श्रेयांक मिळू लागले आहेत. पाचसहा विद्यार्थ्यांचा गट गावातील एखादी संस्था निवडतो आणि तिच्यासाठी प्रचारमोहीम आखतो. फलक, पत्रके, पथनाट्य, चित्रफीत तयार करतो. राष्ट्रीय सेवा योजनेने 1969 पासून विद्यार्थ्याच्या हाती फावडे दिले. आता त्याच हाती फलक आला, याचे मी स्वागत करतो. परंतु हा फलक कोणाचा, हा प्रश्न विचारल्यावाचून स्वागत पुरे होत नाही.

काही वर्षांपूर्वी अशा एका गटाचा मी मार्गदर्शक होतो. कचरावेचक स्त्रियांच्या एका लहान संघटनेसाठी मुलांनी फलक केला. ढिगाऱ्याशी वाकलेली वृद्धा आणि खाली शब्द : ‘यांना मदतीचा हात द्या.’ मी शाबासकी दिली. संघटनेच्या बैठकीत तो दाखवला तेव्हा एक बाई म्हणाल्या, “सर, आमी भीक मागतो व्हय? पहाटं पाचपास्नं काम करतो. ओलं-सुकं येगळं द्या, येवढंच लिवा.”

तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही मला जे दिसले नव्हते, ते त्या बाईंनी दाखवले. घरात कचरा वेगळा केला नाही म्हणून वेगळा करण्याचे श्रम नाहीसे होत नाहीत; ते दुसऱ्याच्या अंगावर पडतात. गृहस्थाची दोन मिनिटे वाचतात आणि वेचणारीचे तास जातात, फुटक्या काचेने हात कापतात. ज्याने खर्च निर्माण केला त्याच्या हिशेबात तो येतच नाही. आम्ही याला बाह्य खर्च म्हणतो. दयेचा फलक हा खर्च झाकतो आणि पाहणाऱ्याला चार पैसे देऊन मोकळे होऊ देतो. हक्काचा फलक तोच खर्च त्याच्या दारात नेऊन ठेवतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण हे कचरा निर्माण करणाऱ्याचे कर्तव्य ठरवले होते. म्हणजे बाई मागत होत्या ती केवळ कायद्याची अंमलबजावणी होती!

विद्यापीठ आणि कष्टकरी यांचे नाते कसे असावे, याचे उदाहरण पुण्यात आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमातील कार्यकर्त्या 1990 च्या सुमारास कचरावेचक स्त्रियांबरोबर स्वतः कचरा वेचायला गेल्या. त्यांनी आधी काम पाहिले, मग शब्द शोधले. 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या साऱ्या वाटचालीत मागणी होती ती कामगार म्हणून ओळख मिळण्याची.

तेव्हा, मित्रहो, माझे सांगणे थोडके आहे. फलकाचा मसुदा आधी संस्थेच्या सभासदांपुढे वाचा; निरक्षर सभासदालाही तो नाकारण्याचा अधिकार असू द्या. मोहिमेचे यश किती जणांनी चित्रफीत पाहिली यावर मोजू नका. किती घरांतून कचरा वेगळा येऊ लागला हे दारोदार जाऊन मोजा. आणि सत्र संपल्यावर सारे साहित्य संस्थेच्या स्वाधीन करा. तुमचे श्रेयांक जमा होतील, तिचे काम मात्र चालूच राहणार आहे.

आमच्या मुलांनी तो फलक फाडला. नव्यावर दोन डबे काढले आणि बाईंचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. एका वसाहतीच्या फाटकावर तो लागला. सारी घरे सुधारली असे मी म्हणणार नाही. पण एकत्र कचरा देणाऱ्या गृहस्थाला त्या बाई आता फाटकाकडे बोट दाखवून सांगू लागल्या, “आमचं म्हननं तितं लिवलंय.”