अंधारातला तोल

श्रोतेहो, आमची अम्मी रात्री मोरीकडे जाताना दोनदा पडली. हाड मोडलं नाही, म्हणून आम्ही विषय सोडून दिला. वर तिलाच म्हणालो, ‘बघून चालत जा.’

तिसऱ्यांदा पडली तेव्हा डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या ताईंनी तिला पाय जुळवून उभं केलं. अम्मी ताठ उभी राहिली. ‘आजी, आता डोळे मिटा,’ ताई म्हणाल्या. डोळे मिटताच ती डोलू लागली. ताईंचे हात तिच्या दोन्ही बाजूंना तयारच होते.

ही रोम्बर्ग चाचणी. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या मॉरिट्झ रोम्बर्ग यांनी हे लक्षण नोंदवलं. तोल राखायला शरीर तीन ठिकाणांहून खबर घेतं: डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांचे तळवे, सांधे, स्नायू. एक कमी पडलं की बाकीचे दोन भार उचलतात. जुन्या मधुमेहाने अम्मीच्या तळव्यांची जाणीव मंदावली होती. ती डोळ्यांच्या आधारानेच उभी राहत होती. दिवा मालवला की तो आधारही जायचा. आणि आम्ही म्हणत होतो, बघून चाल!

मग बर्ग मोजपट्टी झाली. कॅनडात कॅथरीन बर्ग आणि सहकाऱ्यांनी ती 1989 मध्ये मांडली. कामं 14, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 56. खुर्चीवरून उठणं, जमिनीवरची चप्पल उचलणं, मागे वळून पाहणं, एका पायावर उभं राहणं. सगळी रोजचीच कामं. एका पायावर दहा सेकंदांहून जास्त राहिलं तर पूर्ण गुण. अम्मी दोनच सेकंद टिकली. ‘नापास झाले का गं?’ तिने विचारलं. ताई म्हणाल्या, ‘आजी, यात नापास कुणी होत नाही. कुठे जपायचं ते कळतं.’

अम्मीचा खरा प्रश्न वेगळा होता. ‘बेटी, नमाज उभ्याने पढता येईल ना?’ ताईंनी सांगितलं, ‘शेजारी भक्कम खुर्ची ठेवा, दिवा लावा, डोळे उघडे ठेवा.’ अम्मी हसली. नमाजात नजर सजद्याच्या जागेवरच ठेवायची असते.

आता मोरीच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा असतो, भिंतीला धरायला दांडी बसवली आहे, रोज ताईंनी शिकवलेला व्यायाम होतो. श्रोतेहो, ही चाचणी घरी एकट्याने करून पाहू नका. पण घरातलं वडीलधारं माणूस एकदा पडलं, तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. आम्ही दोनदा गप्प बसलो होतो.