आपल्या घरातील परके

1950 च्या परतीच्या कायद्यामुळे इस्राएलमध्ये पाऊल ठेवताच आपण नागरिक झालो. तरीही विवाहासाठी आपले यहुदीपण मान्य करून घेण्यास वडीलधाऱ्यांना 1964 पर्यंत झगडावे लागले. आज आपल्या वृद्धांची शुश्रूषा करण्यास भारतातूनही माणसे येतात. त्यांचा परवाना साधारणतः 63 महिन्यांचा असतो. त्याच रुग्णाची सेवा चालू असल्यास तो वाढतो, परंतु त्या सेवेतून कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. कायदा बदलणे एकट्यादुकट्याच्या हाती नाही. ठरलेले वेतन, आठवड्याची सुट्टी आणि निरोपसमयीची देय रक्कम चोख देणे मात्र आपल्याच हाती आहे. मिसर देशात आपणही परके होतो, हे पेसाहच्या रात्री सांगताना त्यांनाही मेजाशी शेजारी बसवा.