पेसमेकर बसवल्यानंतर



माझ्या आईला पेसमेकर बसवला, तेव्हा मुलुंडच्या घरी आम्ही तिला तळहातावरच्या फोडासारखे जपले. तिथेच चुकलो. हृदयात बसवलेली तार जागची हलू नये म्हणून डॉक्टरांनी चार ते सहा आठवडे डावे कोपर खांद्याच्या वर नेऊ नका, असे सांगितले होते. आईने भीतीपोटी हात हलवणेच सोडले. जखम भरली, पण खांदा आखडला! जड कळशी उचलायची नाही हे खरे. परंतु खांद्याखाली हात हलता ठेवायचा असतो. भाजी निवडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात.

मोबाईल उजव्या कानाला लावावा, छातीवरच्या खिशात ठेवू नये. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून न रेंगाळता जावे. पेसमेकरचे कार्ड सतत जवळ असावे. जखम लाल झाली, ताप किंवा भोवळ आली, तर मात्र घरगुती उपाय नकोत, तडक डॉक्टर गाठावा.

‘आता किती दिवस?’ असे आई विचारी. मी तिला आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. १९५८ साली स्वीडनमध्ये त्यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला. तो काही तासच चालला. पुढे एकामागून एक पेसमेकर बदलत ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

आई म्हणाली, ‘‘मग माझी वेणी मला घालू दे.’’