फॉर्म भरण्याआधी मंडल्याला जा



संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेच्या आरतीला गेलं की जबलपूरच्या मराठी घरांतल्या आया हमखास भेटतात. हल्ली त्यांच्या बोलण्यात एक नवा विषय निघतो. "मुलीचं बीडीएस झालं, आता एमपीएच करीन म्हणते. कुठे घालायचं हो?"

एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची. ती मिळाली म्हणून रोगी तपासायचा परवाना मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून तर नर्सिंग किंवा समाजशास्त्र शिकलेल्यांनाही ती अनेक ठिकाणी करता येते.

मग शिकायचं काय? आपल्या नागपूर रोडवर आदिवासी आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, 1984 पासून. शेजारच्या मंडला जिल्ह्यात तिलईपानी नावाचं गाव आहे. तिथल्या पोरांचे गुडघे आत वळायला लागले, धड चालता येईना. हाडांच्या डॉक्टरानं गुडघा पाहिला असता. या संस्थेच्या लोकांनी हापशाचं पाणी तपासलं. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं, इथे ते त्याच्या कितीतरी पट निघालं. हापसा बसवतात तो स्वच्छ पाणी मिळावं म्हणून, आणि दुखणं आलं ते त्याच्याच खोल पाण्यातून! त्यात पोरांच्या ताटात कॅल्शियमची वानवा. उपाय दुहेरी निघाला: पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय, आणि जेवणात रानात फुकट उगवणारी चकोड्याची भाजी, म्हणजे आपला टाकळा.

शिकायचं ते हेच. तेव्हा संस्था निवडताना माझा पहिला प्रश्न असा असेल: इथली मुलं कोणत्या तिलईपानीला जातात, आणि किती दिवस राहतात? इमारतीचे फोटो नंतर बघू.

नावं हवीच असतील तर सांगते. कोलकात्याची अखिल भारतीय संस्था 1932 ची, सगळ्यांत जुनी. एमपीएच आपल्या देशात सुरू झालं ते तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत, 1997 मध्ये. साथीचा माग काढण्यात रस असेल तर चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था पाहा. आजारामागची गरिबी, जात, सरकारी धोरण यांत मन रमत असेल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था. पुणे विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे, आणि घरच्यांना पुणं जवळचं वाटतं, हेही काही कमी नाही.

परदेशाचं काय? बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ मोठंच आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे तिथे शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं. अभय आणि राणी बंगही तिथलेच. पण बंग काही कोऱ्या पाटीनं गेले नव्हते. वर्ध्याकडच्या खेड्यांत काम करून, शेतमजुरांच्या रोजीचा हिशेब मांडून ते गेले. संशोधन नीट करता आलं पाहिजे, ही गरज त्यांना आधी कळली होती. परतल्यावर गडचिरोली गाठली आणि दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. 1989 मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं, आणि बाळंतपणापलीकडेही बाईला शरीर असतं हे जगातल्या तज्ज्ञांच्या ध्यानात आलं. काय म्हणावं!

बाल्टिमोरला जायला कर्ज काढावं लागतं, आणि डोक्यावर कर्ज असलं की गडचिरोलीपेक्षा जिनिव्हा जवळ वाटायला लागतं. म्हणून फीची चौकशी करायला लाजू नका. मागच्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेली मुलं आज कुठे, किती पगारावर आहेत, तेही त्यांनाच फोन करून विचारा. माहितीपत्रकात सगळेच हसत असतात.

आणि मुलीला आधी मंडल्याच्या बसमध्ये बसवा. तिथे एखाद्या आशाताईबरोबर दिवसभर उन्हात फिरू दे, वजनाचा काटा धरू दे, रजिस्टर भरू दे. संध्याकाळी ती कंटाळून परतली तर एमपीएचचा नाद सोडा. दोन वर्षांची फी तरी वाचेल.