मूळ प्रतीची राखण



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. उताऱ्याची नक्कल पूर्ण झाली तरी ते वही मिटू देत नसत. शेजारच्या मुलाने मूळ पाठ मोठ्याने वाचायचा आणि आपण आपल्या नकलेवर बोट फिरवीत तो ताडून पाहायचा, असा त्यांचा नेम होता. ताडून न पाहिलेल्या नकलेला ते प्रत म्हणायलाच तयार नसत. पुढे प्राचीन मराठीच्या पोथ्यांशी माझा संबंध आला तेव्हा पाठचिकित्सेचा पहिला धडा आपण या इमारतीतच घेतला होता, हे माझ्या ध्यानात आले.

आजचा विषय निमंत्रणपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या तबकड्यांवर बोलावे, हा अधिकारातिक्रम आहे खरा. परंतु गेल्या वर्षभरात माझ्यावर जो प्रसंग आला, त्याने मला ते शास्त्र थोडेबहुत शिकणे भाग पाडले. तो प्रसंग आधी सांगतो.

१९९० नंतरच्या दशकात मी आणि माझी पत्नी बडोद्याच्या मराठी घरांतील शब्द जमवीत होतो. १९३१ साली बडोदे सरकारने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध केला, तो राज्यकारभाराच्या शब्दांचा. आमचा संग्रह फार लहान आणि निराळ्या वळणाचा. गुजराती शेजाराने मराठीत आलेली रूपे, स्वयंपाकघरातली नावे, वाड्यांतल्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडचे वाक्प्रयोग असे त्यात होते. हे सारे प्रथम कार्डांवर उतरले आणि १९९८ साली शाळेच्या संगणकावर, त्या काळच्या एका मराठी अक्षरसंचात, एका लहानशा नोंदप्रणालीत गेले. नोंदी चार हजारांवर होत्या. पुढे एका विद्यार्थ्याने त्या सर्व फाइली एका सीडीवर उतरवून दिल्या आणि ती सीडी मी माडीवरच्या कपाटात ठेवली. कार्डे तळमजल्यावर होती. पत्नी गेली. ज्यांच्याकडून शब्द घेतले त्या बहुतेक सर्वजणी त्याआधीच गेल्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घरात शिरले आणि कार्डांचा लगदा झाला.

राहिली एक सीडी. ती सुस्थितीत होती, पण तिच्यावरील फाइली आजच्या कोणत्याही संगणकाला वाचता येईनात. उघडली तर पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी दिसे. देवनागरीला युनिकोडमध्ये पहिल्यापासून, म्हणजे १९९१ पासून स्थान असले तरी आमचे टंकन त्यात झालेले नव्हते. ती नोंदप्रणाली आणि तो अक्षरसंच दोन्ही विंडोज ९८ च्या आधारावर चालणारी. म्हणजे शब्द मिळवायचे तर आधी तो जुना संगणक पुन्हा उभा करणे आले.

येथे आपल्याच शाळेचे एक माजी विद्यार्थी, जे या व्यवसायात आहेत, धावून आले. त्यांनी सांगितले की जुना संगणक शोधण्याची गरज नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील सर्व्हरवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे केवळ प्रणालीच्या बळावर उभा राहणारा संगणक, तयार करता येतो. ही कल्पनाही आजची नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या यंत्रांवर एका यंत्रातून अनेक यंत्रे उभी करणारी प्रणाली बाजारात आणली होती. मात्र असे कोरे यंत्र उभे राहिले तरी त्यात काहीच नसते. त्यात विंडोज घालायचे तर तिची इन्स्टॉलेशनची तबकडी हवी. आणि जे यंत्रच आभासी, त्यात खरी तबकडी कशी घालणार? तेथे तबकडीची ‘इमेज’ लागते.

इमेज या शब्दाचा अर्थ मी प्रथम छायाचित्र असा घेतला आणि फसलो. सीडीवरील मजकूर २०४८ बाइटांच्या खंडांत ओळीने मांडलेला असतो. पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत, रिकाम्या जागांसकट, जसेच्या तसे उतरवून एकच फाइल केली की ती झाली इमेज. सीडीवर फाइली कशा मांडाव्यात याचे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली ठरले, त्याचा क्रमांक आयएसओ ९६६०. म्हणून लोक तिला नुसते ‘आयएसओ’ही म्हणतात. मला विचाराल तर आपल्याकडे तिला उत्तम शब्द आहे, आणि तो म्हणजे प्रत. ओळीमागून ओळ, पानामागून पान, मूळ पोथीतील कोरी जागाही कोरी ठेवून केलेली प्रत.

आम्हाला अशी एक प्रत तत्काळ मिळालीही. एका परिचितांच्या संग्रहात ती होती. आकार तपासला, मूळ सीडीइतकाच भरला. यंत्राने ती स्वीकारली, काम सुरू झाले आणि अर्ध्यावर येऊन थांबले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच ठिकाणी थांबले. पुढे उलगडा झाला तो असा. मूळ सीडीवर ओरखडे होते. उतरविणाऱ्या प्रणालीला जे खंड वाचता आले नाहीत, त्यांच्या जागी तिने शून्ये भरली आणि ती पुढे गेली. प्रत आकाराने बिनचूक आणि आतून पोकळ. बरे, हे कोणी कोठे नोंदवूनही ठेवले नव्हते.

गुजरातच्या जैन ग्रंथभांडारांतील पोथ्या ज्यांनी हाताळल्या असतील त्यांना ‘ग्रंथाग्र’ ठाऊक असेल. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ मानून संपूर्ण पोथी किती भरली, तो आकडा लेखक शेवटी लिहीत असे. त्यावर लेखनिकाची मजुरी ठरे आणि पोथी अपुरी तर नाही ना, हेही कळे. परंतु अक्षरे गळाली तर ग्रंथाग्र ओरडेल. एका अक्षराच्या जागी दुसरे आले तर ते गप्पच राहील. आमच्या परिचितांच्या प्रतीचे ग्रंथाग्र जुळत होते, हाच तर घोटाळा होता.

संगणकशास्त्राने या उणिवेवर जो उपाय काढला त्याला चेकसम म्हणतात. मी त्याला तपासांक म्हणतो. सध्या प्रचलित असलेली एक पद्धत एसएचए-२५६ ही. फाइल केवढीही असो, तिच्यावरून ठरावीक गणित करून चौसष्ट चिन्हांचा एक अंक निघतो. सातशे मेगाबाइटांच्या प्रतीत एक बिंदू जरी बदलला तरी हा अंक आमूलाग्र बदलतो. दोघांनी दोन गावी आपापल्या प्रतीचा तपासांक काढावा आणि टपालाने कळवावा. तो जुळला तर प्रती एकच. गुरुवर्यांच्या वर्गातील मोठ्याने वाचणारा शेजारी तो हाच.

पण तपासांकालाही मर्यादा आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या मुक्त प्रणालीच्या संकेतस्थळात घुसखोरांनी प्रवेश केला आणि इमेज उतरवून घेण्याचा दुवा बदलून त्या जागी चोरवाट ठेवलेली बनावट प्रत लावली. त्या दिवशी ज्यांनी ती घेतली, त्यांनी विश्वासाने चोराला किल्ली दिली. ज्याला प्रत बदलता येते त्याला शेजारी छापलेला तपासांकही बदलता येतो. म्हणून तपासांकावर संपादकाची सही लागते, आणि ती सही ओळखण्याचे साधन अन्य मार्गाने आपल्यापाशी आलेले असावे लागते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी तिच्यात कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. त्या काळी एवढेच करणे शक्य होते.

आता साठवणीकडे वळतो. शाळेत आज तीन सर्व्हर आहेत. पूर्वी प्रत्येकावर इमेजींचा वेगळा ढीग असे. एकाच प्रणालीच्या तीन निरनिराळ्या आवृत्त्या, ‘नवी’, ‘नवी-२’, ‘शेवटची’ अशा नावांनी. पोथ्यांचे पाठभेद कसे वाढतात हे ज्याला पाहायचे असेल त्याने असा ढीग पाहावा. आता एकच सामाईक कोठार केले आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये काढलेल्या एनएफएस या पद्धतीने तिन्ही सर्व्हर ते कोठार आपलेच असल्याप्रमाणे वाचतात. वाचतात, लिहीत नाहीत. लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीस आहे. याचा आणखी एक लाभ मला कळला तो असा की चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचे असता, त्याच्या आभासी खणात पहिल्या सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरील तबकडी राहून गेलेली असेल तर ते स्थलांतर अडते. तेव्हा काम झाले की तबकडी काढून ठेवावी, हा जुन्या प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू आहे.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांना आणून राज्यात ग्रंथालयांची व्यवस्था लावली. लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरत. पेटी एका गावी असली की दुसऱ्या गावाने वाट पाहायची. इमेजचे तसे नाही. एकच प्रत एकाच वेळी वीस यंत्रांच्या खणांत बसते आणि झिजत नाही. त्यामुळेच तीत एक दोष असला तर तोही एकाच वेळी वीस घरी पोचतो.

याहून सूक्ष्म चूक आमच्या प्रयोगशाळेत झाली. वेळ वाचविण्यासाठी एका उत्साही शिक्षकांनी इन्स्टॉलेशनच्या प्रतीऐवजी पूर्ण सजविलेल्या एका यंत्राचीच नक्कल करून पाच यंत्रे उभी केली. पाचांचे नाव एक, परवलीचा शब्द एक आणि स्वतःची ओळख पटविण्याची गुप्त किल्लीही एकच! पोथ्यांच्या अभ्यासकाला हे नवे नाही. बेसावध लेखनिक आपल्यापुढच्या पोथीची पुष्पिकाही, जुन्या लेखनिकाच्या नावासह आणि शकासह, उतरवून मोकळा होतो आणि पुढचे संशोधक शंभर वर्षांनी चुकतात. सजविलेल्या यंत्राची नक्कल जरूर करावी, पण आधी त्यातील पुष्पिका पुसावी.

कोणती प्रत कोणास द्यावी, याविषयी थोडेच बोलतो. मुक्त परवान्यांनुसार डेबियनसारख्या प्रणालीची प्रत कोणीही कोणालाही द्यावी. तीत संकोच नको. विंडोजची प्रत ज्याने परवाना घेतला त्यानेच वापरावी. मात्र मुक्त प्रणालीची प्रतही नेहमी बाजारात मिळेल या भ्रमात राहू नये. सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी आणि सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ रोजी संपला; त्यांच्या प्रती आता नेहमीच्या जागांवरून हलवून जुन्या दप्तरात ठेवल्या आहेत. आपली एखादी सेवा जिच्यावर चालते तिची ताडलेली प्रत आपल्या घरी असावी, हे बरे.

आमच्या कामाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. शाळेच्या भांडारगृहात विंडोज ९८ ची खरेदी केलेली मूळ सीडी वेष्टनासह सापडली. ती दोन निरनिराळ्या यंत्रांत घालून दोन वेळा उतरविली. दोन्हींचे तपासांक जुळले, तेव्हाच ती कोठारात ठेवली. या प्रणालीचा आधार ११ जुलै २००६ रोजी संपलेला असल्याने ते यंत्र जाळ्याशी मुद्दाम जोडलेले नाही. अक्षरसंचाच्या तीन फ्लॉपींपैकी एकीवर बुरशी होती. ती फ्लॉपी एका माजी विद्यार्थिनीच्या घरून मिळाली. त्या संध्याकाळी पडद्यावर खिचडीच्या जागी देवनागरी उमटली. पहिली नोंद उघडली ती पत्नीने टंकलेली होती. तीत एका वेलांटीबद्दल आमचा वाद झाला होता, आणि तिने माझी दुरुस्ती मानलेली नव्हती, हे मला त्या दिवशी कळले. ती नोंद युनिकोडमध्ये आणताना मी तशीच ठेवली आहे.

एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या मराठी अक्षरसंचांच्या, शब्दसंस्करणाच्या, पंचांगाच्या सीडी आणि फ्लॉपी पडून असतील. त्या टाकू नयेत. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी असते. तेथे प्रत करून, तपासांक काढून, वस्तू परत दिली जाते. वेष्टन आणि पावती असल्यास तीही आणावी, कारण परवाना कोणाच्या नावाचा हे तिच्यावरूनच कळते.